पाण्याच्या मागनं गेलेला रस्ता

ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न सिडनीचा असतोय आणि दुसरा कांगारूचा. सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट केलं की ऑस्ट्रेलिया झाला असं टूरवाल्यांचं गणित आहे आणि त्यात वाईट काही नाही, शहरं सुंदरच आहेत. पण आम्ही यावेळी त्या देशाच्या बरोब्बर मधनं गेलो, दक्षिणेच्या ॲडलेडपासनं उत्तरेच्या डार्विनपर्यंत, गाडीमागं कॅरव्हॅन जोडून, आणि आता कुणी विचारलं काय बघितलंस तर माझं उत्तर एकच, पाणी. लोक चमकतात. वाळवंटात जाऊन पाणी काय बघितलंस म्हणतात. तर तेच सांगायला बसलोय.

ताई आणि दाजी बरीच वर्षं ॲडलेडला आहेत, कॅरव्हॅन त्यांचीच. आई आणि मी जुलैत इकडनं, कोल्हापुरातनं गेलो, म्हणजे आपल्याकडं धो धो पाऊस आणि तिकडं थंडीचे दिवस. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. इंजिनवाली, आत बेड-किचन असलेली गाडी म्हणजे मोटरहोम. कॅरव्हॅनला इंजिन नसतंय, ती नुसती चाकावरची खोली, ऊसाच्या ट्रॅक्टरमागं ट्रॉली असते तशी आपल्या गाडीला जोडून ओढायची. आत एक डबल बेड, दोन बंक, गॅसची शेगडी, बारा व्होल्टवर चालणारा फ्रीज, बारकंसं बाथरूम, वर सोलर पॅनल आणि फरशीखाली पाण्याच्या दोन टाक्या. मुक्कामाला पोचलं की खोली सोडून ठेवायची आणि गाडी मोकळी करून हिंडायचं.

रोज सकाळी ती जोडायचं काम मला फार आवडायला लागलं. दाजींचा क्रम ठरलेला आणि तो कधी बदलायचा नाही. चार कोपऱ्यातले खालचे पाय वर घ्यायचे, सिलिंडर बंद, छताची खिडकी बंद, फ्रीजला कडी, मग गाडी हळूहळू मागं घ्यायची, गाडीच्या मागं असलेला हिचचा गोळा बरोब्बर कॅरव्हॅनच्या कपलिंगच्या खाली आला की पुढचं छोटं चाक, त्याला जॉकी व्हील म्हणतात, ते फिरवत फिरवत खोली गोळ्यावर उतरवायची. खट्ट असा आवाज आला पाहिजे, तो आला की दाजी हँडलनं खोली परत थोडी उचलून बघणार, खरंच बसलीय का. मग दोन साखळ्या एकमेकीवर क्रॉस करून, मग ब्रेकची केबल, मग लाइटची पिन. शेवटी मी मागं उभा राहून "डावा... उजवा... ब्रेक" असं ओरडायचं आणि आई आतनं म्हणायची, "झालं काय रं, चहा थंड झाला."

यात पाणी कुठं आलं? इथंच आलं. दोन्ही टाक्या भरल्या की एकशेनव्वद लिटर पाणी, म्हणजे एकशेनव्वद किलो वजन. ते कुठं बसतंय यावर सगळी गाडी चालते. कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार पुढं गोळ्यावर पडला पाहिजे. तो कमी झाला, म्हणजे मागच्या बाजूला वजन जास्त झालं, की वाऱ्यात किंवा मोठी गाडी शेजारनं गेल्यावर कॅरव्हॅन झुलायला लागते. आणि झुलायला लागली की आपला पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो न्यायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवर कॅरव्हॅनच्या ब्रेकचं वेगळं बटण असतंय ते हलकं दाबायचं, मागनं ओढ बसली की ती सरळ होते. दाजींनी मला ॲडलेडच्या बाहेर एका मोकळ्या मैदानात हे आधी समजावून सांगितलं आणि मगच हायवेवर गाडी हातात दिली. म्हणाले, "पाव्हणं, घाई असंल तर विमान हाय."

स्टुअर्ट हायवे पोर्ट ऑगस्टापासनं सुरू होतो आणि डार्विनला संपतो, सुमारे २७०० किलोमीटर. तिथनं वर गेलं की हळूहळू घरं संपतात, मग शेतं संपतात, मग झाडंही खुरटी होत जातात आणि राहतो तो तांबडा माळ आणि वर अख्खं आभाळ. मला वाटलेलं कंटाळा येईल. उलट मान वळवून वळवून बघत होतो. वूमेराच्या पुढं रस्त्याच्या कडेला लेक हार्ट लागतं, लांबनं पांढरंफेक चमकतंय, आई म्हणाली बघ केवढं पाणी. गाडी थांबवून खाली गेलो तर सगळं मीठ. पायाखाली करकर वाजतंय. आईनं चिमूटभर जिभेवर ठेवून बघितलं आणि म्हणाली खारट हाय पण आपल्या मिठापरीस कडवट हाय.

ग्लेंडाम्बो सोडलं की कुबर पेडीपर्यंत २५४ किलोमीटर मधे पंप नाही, तसा बोर्डच लावलाय. कॅरव्हॅन ओढताना शंभर किलोमीटरला १५ ते २० लिटर डिझेल सहज जातं, समोरनं वारा असेल तर आणखी. त्यामुळं टाकी अर्धी झाली की दिसेल त्या रोडहाऊसला भरायची, महाग असली तरी. रोडहाऊस म्हणजे पंप, हॉटेल, दुकान, लॉज, पंक्चरवाला सगळं एकाच छपराखाली, आणि पुढचं रोडहाऊस म्हणजे पुढचं गाव. बऱ्याच ठिकाणी नळावर पाटी असते, बोअरचं पाणी आहे, पिऊ नका. भांडी धुवायला चालतंय पण चहा नासतो. म्हणून पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, त्याला हात लावायचा नाही.

त्या टाकीवर जगायची पद्धत म्हणजे अंघोळीला अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग एकदाच धुवायचं. ताटं आधी कागदानं पुसून घ्यायची आणि मग दोन भांडी पाण्यात सगळी धुणं. ताईला हे सांगायला लागलं नाही कारण ती तिथं राहून शिकलीय, आणि आईला सांगायला लागलं नाही कारण तिचं सगळं आयुष्य तसंच गेलंय. शेवटच्या भाकरीच्या गोळ्यानं परात पुसून घ्यायची, तांदळाचं धुवण डाळीला घालायचं, वाटीतला शेवटचा घोट झाडाला. घरी आम्ही तिला चिडवायचो की आता चोवीस तास पाणी आहे कशाला एवढं. तिथं त्या कॅरव्हॅनमध्ये ती सगळ्यात हुशार होती. एका डब्यातलं पीठ, लसणाची चटणी, पिठलं, आणि शेजारच्या कॅरव्हॅनमधलं रिटायर्ड जोडपं खमंग वासानं चौकशी करत आलं ते भाकरी खाऊनच गेलं. अशी रिटायर्ड जोडपी रस्ताभर भेटतात, घर बंद करून सहा-सहा महिने कॅरव्हॅन घेऊन हिंडतात, त्यांना तिथं ग्रे नोमॅड म्हणतात. आपल्याकडच्या साठी ओलांडलेल्या मंडळींनी यांच्याकडनं खरंच शिकण्यासारखं आहे.

कुबर पेडीबद्दल सगळे जमिनीखालच्या घरांचं सांगतात. १९१५ मध्ये एका चौदा वर्षांच्या पोराला तिथं ओपल नावाचं रत्न सापडलं आणि गाव वसलं, उन्हाळ्यात बाहेर चाळीसच्या वर जातंय म्हणून लोक खडकात कोरलेल्या घरात राहतात, आत बारा महिने चोवीस-पंचवीस डिग्री, एसी नको पंखा नको. आम्ही पण एका तसल्या घरात गेलो, भिंतीवर मशीनच्या दातांचे गोल गोल ओरखडे तसेच ठेवलेत, हात फिरवला तर चुन्यासारखं काही लागत नाही, वर व्हार्निश मारलेलं असतंय. पण तो मुलगा गेलेला कशाला माहितेय? त्याच्या बापाची टोळी सोनं शोधत होती आणि पोरगा पाणी शोधायला बाहेर पडलेला. त्यात त्याला ओपल मिळाला. आज त्या गावाला लांबच्या बोअरमधनं खारट पाणी आणून, त्यातलं मीठ काढून नळानं देतात आणि कॅरव्हॅनवाल्यांसाठी नाणी टाकून पाणी भरायचा नळ आहे. दाजी तिथं रांगेत उभे असताना मी त्या नळाकडं बराच वेळ बघत होतो.

आता रस्त्याचं नाव. जॉन मॅकडॉल स्टुअर्ट नावाचा माणूस, यानं हा खंड दक्षिणेकडनं उत्तरेकडं पार करायचा परत परत प्रयत्न केला आणि शेवटी २४ जुलै १८६२ ला उत्तरेच्या समुद्राला पोचला. परत येताना हालत एवढी खराब की जवळजवळ दिसेना झालेलं आणि दोन घोड्यांमधे झोळी बांधून त्याला आणला. पण तो वाट कशी काढत गेला तर एका पाण्यापासनं दुसऱ्या पाण्यापर्यंत. खंडाच्या त्या भागात जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे, देशाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याएवढा, आणि काही ठिकाणी ते पाणी दाबानं आपोआप वर येऊन झरे झालेत. स्टुअर्ट त्या झऱ्यांच्या माळेनं वर गेला. दहा वर्षांनी, १८७२ ला, तारेची, म्हणजे टेलिग्राफची, लाईन टाकली ती त्याच्याच मागनं, कारण तारेच्या स्टेशनवर माणसं राहणार तर पाणी पाहिजेच. त्या लाईनमुळं ऑस्ट्रेलियाची तार डार्विनवरनं जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई करत लंडनला जायला लागली, आधी बोटीनं महिने लागायचे. मग ॲलिस स्प्रिंग्जला जाणारी जुनी घान रेल्वे पण झऱ्यांच्याच बाजूनं, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी लागतंय. आताचा हायवे दक्षिणेच्या भागात पश्चिमेला सरकलाय, पण ॲलिस स्प्रिंग्जच्या वर बराचसा जुन्या तारेच्याच बाजूनं जातो.

आणि झरे स्टुअर्टनं शोधले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथल्या मूळ लोकांना ते हजारो वर्षं माहीत होते. कुठला डोह कधी आटतो, कुठं वाळू उकरली की पाणी लागतं, हे सगळं त्यांच्या गाण्यात आणि गोष्टींत आहे. बाहेरनं आलेल्यांनी नकाशावर नावं घातली एवढंच.

घान हे नाव अफगाण उंटवाल्यांवरनं पडलंय. त्यांना अफगाण म्हणायचे पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबी सगळे होते. १८६० मध्ये बर्क आणि विल्स हे पण असाच खंड पार करायला निघाले, त्यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीवरनं बोटीत घालून मेलबर्नला नेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात! म्हणजे आपल्याच इलाख्यातले उंट. पुढं साठ-सत्तर वर्षं तारेचे खांब, लोकर, धान्य, रेल्वेचे स्लीपर सगळं या उंटांवर गेलं, आणि मोटारी आल्यावर उंट रानात सोडून दिले. ते अजून हिंडताहेत. आम्हाला कुल्गेराच्या अलीकडं एक कळप दिसला, हायवेपासनं लांब, माना उंच करून आमच्याकडं बघत उभा. त्यांना आणणारी माणसं मात्र कित्येक घराकडं परत गेलीच नाहीत, आणि या माणसांबद्दल आपल्याकडं शाळेत एक ओळ नाही याचं मला मनापासनं वाईट वाटतं.

उलुरू, म्हणजे वाळवंटातला तो एकटा प्रचंड खडक, तिकडं जायला एर्लडंडाला डावीकडं वळायचं, तिथनं पण अडीचशे किलोमीटरच्या आसपास. फोटो सगळ्यांनी बघितलाय म्हणून रंगाबद्दल लिहीत नाही. ३४८ मीटर उंच, घेर ९.४ किलोमीटर. वर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासनं बंदी आहे, आणि ते फार बरं झालं. तिथल्या मूळ अनंगू लोकांचं ते पवित्र ठिकाण, १९८५ ला जमीन त्यांना परत दिली तेव्हापासनंच ते म्हणत होते चढू नका. शिवाय वर संडास नाही काही नाही, चढणाऱ्यांची घाण पावसाबरोबर खालच्या डोहात यायची. आम्ही पायथ्यानं पूर्ण फेरी मारली. आई म्हणाली ही प्रदक्षिणाच की, आणि चप्पल काढून चालायला लागली, ताईनं काट्याचं सांगून घालायला लावली. मुटिजुलू म्हणून डोह आहे तिथं पोचलो तर एकदम हवा गार. खडकावर वरनं खालपर्यंत काळे पट्टे, पावसात धबधबे पडतात त्याच्या खुणा. बारकं पाणी, वर पक्षी, कडेनं उंच झाडं. आजूबाजूच्या एवढ्या कोरड्या मुलखात एवढंसं पाणी बघितल्यावर कळतं की लोक या खडकाला का मानतात. आई तिथं बराच वेळ बसली. निघताना तिनं हात जोडले.

ॲलिस स्प्रिंग्जला टॉड नदी आहे. शहराच्या मधनं जाते, पूल आहेत, आणि पात्रात नुसती वाळू. तारेच्या लाईनचा प्रमुख चार्ल्स टॉड, नदीला त्याचं नाव आणि गावाला त्याच्या बायकोचं, ॲलिस. ज्या पाण्याला स्प्रिंग म्हटलं तो झराच नव्हे, नदीच्या पात्रातला डोह आहे. मूळ अरंडा लोकांची ही जागा. इथं दर वर्षी ऑगस्टमध्ये होड्यांची शर्यत होते, १९६२ पासनं, कोरड्या नदीत! होडीला तळ नसतो, आत उभं राहून होडी कमरेला धरून वाळूतनं पळायचं. १९९३ ला शर्यत रद्द करायला लागली, कारण नदीला पाणी आलं.

आम्ही त्या वाळूत उभे होतो आणि घरच्या ग्रुपवर मेसेज आला, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट, इशारा पातळी गाठली. ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पण पाठ असतंय. २०१९ चं पाणी आईनं डोळ्यानं बघितलंय, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलेलं. ती फोन हातात घेऊन थोडा वेळ गप्प, मग पात्रातल्या झाडांकडं बघून म्हणाली, "ही झाडं एवढी हिरवी हायत, म्हणजे पाणी खालनं चाललंय." अगदी बरोबर. नदी वाळूच्या पोटातनं वाहते, गमच्या, म्हणजे निलगिरीच्या जातीच्या झाडांची मुळं खाली तिच्यापर्यंत गेलेली. आणि पूर तिथंही येतो. हायवेवर ओढ्याच्या जागी मोजपट्टीचे खांब लावलेत, दोन मीटरपर्यंत आकडे, आजूबाजूला मैलोगणती कोरडा माळ. जुनी घान लाईन पुरात इतक्यांदा वाहून गेली की १९८० ला पश्चिमेला नवीन लाईन टाकली, तीच पुढं २००४ ला डार्विनपर्यंत गेली. वाळवंटात पुरानं रेल्वे हलवायला लागते हे मी तिथं जाईपर्यंत कल्पनाही केली नव्हती.

ॲलिसच्या वर ट्रॅफिक कमी आणि रोडट्रेन जास्त. एक ट्रक आणि मागं तीन-चार ट्रेलर, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब. शेजारनं गेला की आधी ढकलतो मग ओढतो, म्हणून तो येताना दोन्ही हात स्टेअरिंगवर. त्यांच्याशी बोलायला यूएचएफ रेडिओवर ४० नंबरचं चॅनल. दाजी मागनं ट्रक दिसला की रेडिओवर सांगायचे, मी वेग धरून ठेवतोय, तुम्ही या. पुढं गेल्यावर दाजी लाइट मारून दाखवायचे की तुमची शेपटी निघाली, आता डावीकडं या, आणि ट्रकवाला इंडिकेटर डावा-उजवा करून आभार मानायचा. समोरनं येणारा प्रत्येक जण स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. आई मागच्या सीटवरनं प्रत्येकाला पूर्ण हात हलवायची.

चार वाजले की गाडी थांबवायची, हा नियम. कांगारू अंधार पडताना बाहेर येतात आणि कडेला मेलेले किती दिसतात ते बघून पोटात कालवतं.

नॉर्दर्न टेरिटरी महाराष्ट्राच्या चौपट मोठी आणि लोकसंख्या अडीच लाखाच्या आसपास, आपल्या कोल्हापूर शहराच्या निम्मी पण नाही. कार्लू कार्लूच्या गोल दगडांशेजारी मुक्काम केला तेव्हा रात्री आकाशगंगेची मधली काळी जागा पण स्पष्ट दिसत होती. मूळ लोक त्या काळ्या पट्ट्यात इमू पक्षी बघतात, आणि एकदा दाखवल्यावर दिसतो पण.

मटारँकाला पोचलो आणि हवा बदलली, ताडाची झाडं, दमट, कोकणात उतरल्यावर येतो तो वास. तिथं जमिनीतनं रोज कोट्यवधी लिटर पाणी येतंय, ३४ डिग्रीचं, तळातली वाळू दिसेल एवढं नितळ. आई साडीवरच उतरली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिली. एवढे दिवस मोजून मोजून वापरलेलं पाणी, आणि इथं नुसतं वाहून चाललंय. तिनं ओंजळ भरून तोंडावर मारली आणि ताईला म्हणाली, "साबण आण गं." साबण चालत नाही म्हणून सांगितल्यावर नुसतीच डुंबली. तिथनं कॅथरीन आणि डार्विन म्हणजे तीस-बत्तीस डिग्री, स्वेटर बॅगेत गेले, आणि समुद्र दिसला.

जायचं असेल तर मे ते ऑगस्ट. नंतर मधे भयंकर ऊन आणि वर उत्तरेत पावसाळा, रस्ते बंद होतात. आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं, तरी आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून न्या, भाड्यानं गाडी देणारे मागतात. गाडी आपल्यासारखीच डावीकडनं. मसाला, चटणी जे काही न्याल ते एअरपोर्टवर फॉर्मवर लिहा, आम्ही सगळं लिहिलं, डबा उघडून बघितला आणि जाऊ दिलं. बियाणं, ताजा कढीपत्ता, दुधाचे पदार्थ नेऊच नका. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, काहीही झालं तरी. सावली आणि पाणी दोन्ही गाडीतच आहे, आणि वरनं शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

पुढच्या खेपेला दाजींना ऊडनाडाटा ट्रॅक करायचाय, मरी ते मार्ला, सहाशेवर किलोमीटर कच्चा रस्ता, जुन्या घानच्या बाजूनं, म्हणजे स्टुअर्टचे ते झरे. बबलर म्हणून एक आहे, त्यात तळातनं बुडबुडे येत राहतात. आताची कॅरव्हॅन त्या रस्त्याला टिकणार नाही म्हणून ते मजबूत चासीची सेकंडहँड बघताहेत, रोज फोटो पाठवतात. आईचा पासपोर्ट संपत आलाय, तो मी गेल्या आठवड्यात रिन्यूला टाकला.